अर्ध्या फ्रेममधला लिओने

३५ मिलिमीटरची फिल्म उजेडात धरली की दोन्ही कडांना भोकांची रांग दिसते. कॅमेऱ्यातला एक बारीक पंजा या भोकांत अडकतो, फिल्म खाली ओढतो, क्षणभर थांबवतो, पुन्हा ओढतो. नेहमीच्या कॅमेऱ्यात एका चित्रामागे चार भोकं सरकतात. १९६०च्या सुमारास टेक्निकलर या रंगीत फिल्मचं काम करणाऱ्या कंपनीच्या इटलीतल्या शाखेने टेक्निस्कोप नावाची पद्धत आणली. तिच्यात चारऐवजी दोनच भोकं सरकायची. चित्राची रुंदी तेवढीच, साधारण २२ मिलिमीटर. उंची मात्र निम्मी, साडेनऊच्या आसपास. सिनेमास्कोपसारखी लांबट आडवी चौकट त्यामुळे थेट निगेटिव्हवरच मिळायची आणि फिल्म अर्धी लागायची. १,००० फुटांचा डबा एरवी ११ मिनिटांत संपतो, तो इथे २२ मिनिटं पुरायचा. रंगीत निगेटिव्ह विकत घेणं आणि ती धुऊन घेणं हा छोट्या निर्मात्याच्या डोक्यावरचा मोठा भार. तो निम्मा झाला तर निर्माता दुसरं काही विचारत नसे.

इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनेचं नाव काढलं की पडदाभर चेहरा आठवतो. घामाने चमकणारं कपाळ, आक्रसलेले डोळे, दाढीचे खुंट, डोळ्याच्या कोपऱ्यात साचलेली धूळ. हा चेहरा या काटकसरीच्या पद्धतीतून पडद्यावर आला, असं मी मानतो. लिओनेबद्दल पुष्कळ लिहिलं जातं: हिंसा, मिथक, अमेरिकेचं स्वप्न. त्यात फिल्मच्या दोन भोकांचा उल्लेख क्वचितच येतो, आणि ते मला खटकतं. कारण त्याची शैली समजून घ्यायची तर हत्यारापासूनच सुरुवात करावी लागते.

सिनेमास्कोपची लेन्स चित्र आडवं दाबून फिल्मवर बसवते आणि थिएटरातली लेन्स ते पुन्हा पसरवते. त्या काळच्या या लेन्समध्ये एक खोट होती. माणूस जवळ आला की दाबण्याचं प्रमाण कमी पडायचं, पसरवण्याचं मात्र तेवढंच राहायचं. परिणाम असा की क्लोज-अपमध्ये गाल सुजल्यासारखे दिसत. हॉलिवूडमध्ये याला गालगुंडच म्हणत. त्यामुळे स्कोपमध्ये काम करणारे लोक नटापासून अंतर राखून असत. टेक्निस्कोपमध्ये कॅमेऱ्यावर साधी लेन्स लागायची. दाबणं-पसरवणं सगळं नंतर, लॅबमध्ये. त्यामुळे चेहऱ्याच्या जितकं जवळ जावं तितकं जाता येई आणि नाक-गाल जागच्या जागी राहत.

दुसरा फायदा फोकसचा. स्कोपमध्ये ५० मिलिमीटरची लेन्स जेवढं रुंद दृश्य पकडते, तेवढंच टेक्निस्कोपमध्ये २५ मिलिमीटरची साधी लेन्स पकडते. लेन्स आखूड झाली की फोकसची खोली वाढते. त्यात स्पेनमधल्या आल्मेरियाचं रणरणतं ऊन. अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेडाचं छिद्र) चांगलं बारीक करता येतं, म्हणजे खोली आणखी वाढली. पिस्तुलावर टेकलेला हात चौकटीच्या अगदी पुढ्यात आणि पन्नास पावलांवर उभा असलेला माणूस पाठीमागे, दोघेही स्पष्ट. लिओनेच्या सिनेमात अशा चौकटी पावलोपावली आहेत.

नुकसानही होतंच. निगेटिव्ह अर्धी म्हणजे पडद्यावर ती जास्त ताणावी लागते, आणि ताणली की फिल्मचे दाणे दिसू लागतात. दूरचे डोंगर, झुडपांची पानं असला बारीक तपशील विरघळतो. दोन चित्रांमधली जागा इतकी अरुंद की कॅमेऱ्याच्या खिडकीत एखादं केसासारखं कुसळ अडकलं तर ते थेट चित्रात डोकावतं, आणि निगेटिव्हचा जोड पडद्यावर दिसायची भीती असते. यावर उतारा होता तो टेक्निकलरच्या रंग-छपाईचा. तिच्यात निगेटिव्हवरूनच मोठे साचे काढत आणि त्यांवरून रंग प्रिंटवर उतरवत. मधली एक नक्कल वाचायची, म्हणून दाणे ताब्यात राहायचे. सत्तरच्या दशकात ही छपाई बंद होत गेली. त्यानंतर निघालेल्या प्रिंट नकलेच्या नकला होत्या, आणि कित्येकांनी लिओने पाहिला तो याच राखाडी, रवाळ प्रिंटांवर. मूळ प्रिंटमधली त्याची माती तांबूस आहे, आकाश कडक निळं आहे.

दाण्यांचं एक मात्र आहे. दूरच्या डोंगरावर ते खुपतात. उन्हाने रापलेल्या कातडीवर ते कातडीचेच होऊन जातात.

लिओने जन्मला रोममध्ये, ३ जानेवारी १९२९ रोजी. वडील विन्चेन्झो मूकपटांचे दिग्दर्शक, रोबेर्तो रोबेर्ती या नावाने काम करायचे, आई नटी. शाळेत वर्गात एनिओ मोरिकोने नावाचा मुलगा होता, पुढे त्याच्या चित्रपटांचा संगीतकार झालेला. पंचवीसेक वर्षांनी दोघं कामासाठी भेटले तेव्हा ही ओळख निघाली. व्हित्तोरिओ दे सिका यांच्या १९४८च्या ‘बायसिकल थीव्ज’मध्ये पावसाच्या प्रसंगी भिंतीच्या आडोशाला काही तरुण पाद्री उभे राहतात, त्यांतला एक लिओने. मग दहा वर्षं सहायकाची. हॉलिवूडच्या कंपन्या तेव्हा रोमला येऊन भव्य ऐतिहासिक चित्रपट काढत; ‘क्वो वादिस’ आणि ‘बेन-हर’ या दोन्हींवर त्याने हात चालवला. १९५९मध्ये ‘द लास्ट डेज ऑफ पॉम्पेई’चे दिग्दर्शक मारिओ बोन्नार्द आजारी पडले आणि काम त्याच्यावर आलं. स्वतःच्या नावाचा पहिला चित्रपट ‘द कोलोसस ऑफ ऱ्होड्स’, १९६१चा. या उमेदवारीत तो गर्दी हलवायला शिकला, सेट उभारायला शिकला. तोंडाशी कॅमेरा न्यायचं धाडस अजून दिसत नाही.

ते आलं १९६४मध्ये, ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये. इटली, पश्चिम जर्मनी आणि स्पेन अशा तीन देशांचे निर्माते, एकूण खर्च दोन लाख डॉलरच्या आसपास. माद्रिदजवळ ओयो दे मान्सानारेसला आधीच्या चित्रपटांसाठी उभारलेलं वेस्टर्न गाव तयार होतं, तेच वापरलं. नायक म्हणून आला अमेरिकेतल्या टीव्ही मालिकेतला क्लिंट ईस्टवूड, १५,००० डॉलरवर. तो स्वतः सिगारेट ओढत नसे, पण तोंडात सिगार धरून बसला. संवाद मात्र त्याने हट्टाने कापायला लावले. पटकथेत हा माणूस आपला भूतकाळ बोलून दाखवत होता. ते गेलं, आणि तिथे चेहरा आला. वितरकांना हा चित्रपट अमेरिकन वाटावा म्हणून श्रेयनामावलीत टोपणनावं घातली. लिओनेने घेतलं बॉब रॉबर्टसन. वडिलांच्या रोबेर्तो रोबेर्तीची आठवण त्यात आहे.

या चित्रपटाची एक बाजू झाकून चालणार नाही. कथा जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावांच्या १९६१च्या ‘योजिम्बो’वरून प्रसंगामागून प्रसंग उचललेली होती आणि हक्क घेतलेले नव्हते. ‘योजिम्बो’ काढणाऱ्या तोहो कंपनीने दावा लावला. तडजोडीत जपानी बाजूला जगभरच्या उत्पन्नातले १५ टक्के आणि जपान, तैवान, दक्षिण कोरियातल्या वितरणाचे हक्क द्यावे लागले. अमेरिकेत चित्रपट लागायला १९६७ उजाडलं. लिओनेवर माझं कितीही प्रेम असलं तरी इथे चूक त्याच्याच बाजूची होती. त्याने ‘योजिम्बो’ची गोष्ट घेतली, कुरोसावांचा पाऊस, वारा, लांब लेन्स हे काही घेतलं नाही. तिथे त्याने स्वतःचं ठेवलं: ऊन आणि थांबलेला चेहरा.

आता आवाजाबद्दल. इटलीत त्या काळी चित्रीकरणाच्या वेळी ध्वनिमुद्रण करायची रीत नव्हती. संवाद, पावलं, दारं, सगळं नंतर. सेटवर ईस्टवूड इंग्रजीत बोलतो, समोरचा इटालियनमध्ये, मागचा घोडेवाला स्पॅनिशमध्ये. मग डबिंगच्या स्टुडिओत दृश्याचे छोटे तुकडे करून प्रत्येकाचं गोल कडं बांधत. त्याला इटालियनमध्ये अंगठी या अर्थाचा शब्द आहे. ते कडं प्रोजेक्टरवर फिरत राहायचं आणि ओठ जुळेपर्यंत नट तेच वाक्य म्हणत राहायचा. इटालियन प्रिंटमध्ये ईस्टवूडचा आवाज एन्रिको मारिया सालेर्नोचा आहे. इंग्रजी प्रिंट पाहताना ओठ आणि शब्द सुटे सुटे वाटतात, त्याचं कारण हेच. यातून सुटायचा सोपा मार्ग म्हणजे माणसांनी कमी बोलावं. मिटलेल्या ओठांना डबिंग लागत नाही.

यातून आणखी एक मोकळीक मिळते, जी आवाज जागेवर धरणाऱ्यांना मिळत नाही. माइकच नसल्यामुळे दिग्दर्शक शॉट चालू असताना मोठ्याने बोलू शकतो: आता डोळे उचल, आता थांब, अजून थांब. कॅमेऱ्याची घरघर चालते. आणि सेटवर संगीत वाजवता येतं.

मोरिकोनेला ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’मध्ये मोठा वाद्यवृंद परवडणारा नव्हता. त्याने आधी एका अमेरिकन लोकगीताला केलेली साथ लिओनेने ऐकली आणि तीच धाटणी मागितली. मग शिट्टी, चाबकाचा फटका, घंटा, इलेक्ट्रिक गिटार आणि पुरुषांचा कोरस, एवढ्यावर काम झालं. शिट्टी आणि गिटार दोन्ही आलेस्सांद्रो आलेस्सांद्रोनी या एकाच माणसाची. १९६५च्या ‘फॉर अ फ्यू डॉलर्स मोर’मध्ये खिशातल्या घड्याळाची धून दृश्यातच वाजते आणि ती संपली की गोळी सुटते. संगीत दृश्यावर चढवलेलं राहत नाही, माणसं त्याच्यावर चालायला लागतात. १९६६च्या ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’त कोल्ह्याच्या हुईसारखी एकच सुरावट तिघा मुख्य पात्रांना वाटून दिली आहे: एकाला बासरी, एकाला ओकारिना हे मातीचं फुंकवाद्य, एकाला माणसांचे आवाज. डोळे मिटून ऐकलं तरी कोण आला ते कळतं.

या चित्रपटाला बारा लाख डॉलर होते आणि स्पेनचं सैन्य हाताशी होतं. बुर्गोस प्रांतात आर्लान्सा नदीवर सैनिकांनी एक लाकडी पूल बांधला, उडवण्यासाठीच. सुरुंगाची कळ दाबण्याचा मान स्पॅनिश सैन्यातल्या अधिकाऱ्याला दिला. इशाऱ्याच्या शब्दावरून गोंधळ झाला आणि कॅमेरे सुरू होण्याआधीच पूल उडाला. ज्यांनी सिनेमाच्या सेटवर काम केलंय त्यांना माहीत असतं, एकदाच होणाऱ्या गोष्टीसाठी इशारा ठरवताना रोजच्या बोलण्यातला शब्द कधी वापरू नये. सैनिकांनी पूल पुन्हा बांधला. पडद्यावर दिसतो तो दुसरा.

त्याच भागात सांतो दोमिंगो दे सिलोसजवळच्या दरीत सैनिकांनी ५,००० थडग्यांचं स्मशान रचलं. मातीच्या ढिगाऱ्यांवर लाकडी क्रूस, वर्तुळामागून वर्तुळ, मधोमध दगडी फरसबंदीचं एक गोल अंगण. या आकाराला कारण आहे. एलाय वॉलक थडग्यात पुरलेल्या सोन्याच्या शोधात धावतो तेव्हा कॅमेरा मध्यभागी उभा राहून त्याच्यासोबत गरगर फिरतो. स्मशान चौकोनी असतं तर धावणारा माणूस मधेच जवळ, मधेच लांब गेला असता. वर्तुळात अंतर सारखं राहतं, पार्श्वभूमीतले क्रूस मात्र वेग वाढला की रेघा होऊन जातात. धावण्याआधी एक कुत्रं चौकटीत शिरतं. लिओनेने ते वॉलकला न सांगता सोडलं होतं आणि वॉलकचं दचकणं खरं आहे.

मग ते अंगण आणि तीन माणसं. पाचेक मिनिटं, एक शब्द नाही. पहिल्यांदा दूरवरून वर्तुळ दिसतं आणि त्यात तीन ठिपके. माणसं मागे सरकत आपापली जागा धरतात. घाई कोणालाच नाही. मग कमरेपासून वर. मग नुसता कमरेचा पट्टा आणि त्याच्याजवळ लोंबणारा हात. ली व्हॅन क्लीफचं बोट पिस्तुलाच्या मुठीकडे सरकतं. वॉलकचे डोळे डावीकडे, उजवीकडे, परत डावीकडे. त्याला दोन माणसांवर लक्ष ठेवायचंय. ईस्टवूडचे डोळे फारसे हलत नाहीत, आणि का हलत नाहीत ते गोळी सुटल्यावर कळतं: वॉलकच्या पिस्तुलातल्या गोळ्या त्याने आधीच काढून घेतल्यात. त्याला एकाच माणसाशी मामला आहे. उत्तर त्या डोळ्यांत आधीपासून होतं, आपण पाहूनही वाचलेलं नसतं. ट्रम्पेट चढत जाते, तुकडे आखूड होत जातात. हात, डोळे, हात, डोळे, शेवटी तर भुवयांपासून नाकाच्या शेंड्यापर्यंत एवढीच पट्टी. टेक्निस्कोपची आडवी चौकट दोन डोळ्यांसाठीच कापल्यासारखी बसते. वर कपाळ नको, खाली हनुवटी नको. छायाचित्रण तोनीनो देल्ली कोल्ली यांचं, संकलन नीनो बाराल्ली आणि एउजेनिओ आलाबिसो यांचं. संकलनाच्या टेबलावर बसणाऱ्याने हा भाग एकदा आवाज बंद करून, एकदा चित्र बंद करून पाहावा. दोन्ही वेळा ताण तितकाच चढतो.

१९६८च्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट’पर्यंत पैसा हॉलिवूडच्या पॅरामाउंट कंपनीचा होता, नट हेन्री फोंडा आणि चार्ल्स ब्रॉन्सन होते. तरी काटकसरीत सापडलेली रीत लिओनेने सोडली नाही. आता तर मोरिकोनेने संगीत चित्रीकरणाआधीच लिहून मुद्रित केलं आणि ते सेटवर वाजायचं. क्लाउडिया कार्डिनाले रेल्वेतून उतरते, तिला घ्यायला कोणी आलेलं नसतं. ती स्टेशनच्या खोलीत शिरते, कॅमेरा खिडकीबाहेर थांबून काचेतून तिला पाहतो, मग क्रेनवरून भिंत चढतो, छपरावरून पलीकडे जातो आणि सगळं गाव समोर उलगडतं. छप्पर ओलांडण्याचा क्षण आणि गायिका एद्दा देल्ल’ओर्सोच्या स्वरामागून वाद्यवृंद उसळण्याचा क्षण एकच आहे. एरवी संगीतकार तयार दृश्यावर स्टॉपवॉच घेऊन बसतो. इथे क्रेन ओढणाऱ्यांना सुरांचा वेग धरायचा होता.

आणि याच चित्रपटाच्या सुरुवातीला संगीत अजिबात नाही. ओसाड स्टेशन, तीन मारेकरी गाडीची वाट पाहतायत. गंजलेली पवनचक्की करकरते. वुडी स्ट्रोडच्या डोक्यावर टाकीतून पाणी ठिबकतं. तो सरकत नाही, टोपी घालतो, मग थेंबाचा आवाज बदलतो, आणि शेवटी काठात साचलेलं पाणी तो टोपी काढून पिऊन टाकतो. दुसरा बोटं मोडतो. जॅक इलमच्या दाढीवर माशी बसते. तो ती पिस्तुलाच्या नळीत कोंडतो आणि नळी कानाशी धरून ऐकत बसतो. यातला एकेक आवाज नंतर वेगळा करून चढवलेला, त्याची पट्टी आणि अंतर ठरवलेलं. आवाजाविना चित्रीकरण करावं लागण्याच्या उणिवेतून ही गोष्ट निघाली. जागेवर मुद्रण केलं असतं तर वारा, कॅमेरा, माणसांची चाहूल सगळं एकात एक मिसळून आलं असतं, आणि माशी इतकी एकटी ऐकू आली नसती.

फोंडा सेटवर आला तो तपकिरी कॉन्टॅक्ट लेन्स आणि मिशी लावून, खलनायक दिसावा म्हणून. लिओनेने दोन्ही काढायला लावलं. त्याला ते निळे, सज्जन डोळेच हवे होते. मॅकबेन कुटुंबाला मारणारे दुरून चालत येतात, कॅमेरा म्होरक्याच्या पाठीमागून वळसा घेत चेहऱ्यावर येतो, आणि अमेरिकेने वर्षानुवर्षं ज्याच्यावर विश्वास टाकला तो माणूस लहान मुलासमोर पिस्तूल घेऊन उभा असतो. आपल्याकडे ‘शोले’त ठाकूरच्या घरच्यांची हत्या होते, त्या प्रसंगाची घडण या प्रसंगावरून आलेली आहे: आधीची शांतता, एकेक पडणारा माणूस, शेवटी उरलेलं पोर. मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षं ‘शोले’ पाहणाऱ्यांपर्यंत लिओनेची वाट पाहायला लावणारी लय अशी पोचली होती.

१९७१च्या ‘डक, यू सकर’वर मी थांबणार नाही, त्यात चांगली दृश्यं आहेत, पण बडबड फार. त्यानंतर तेरा वर्षं त्याने दिग्दर्शक म्हणून चित्रपट केला नाही. ‘द गॉडफादर’ची विचारणा त्याने नाकारली, कारण हॅरी ग्रे यांच्या कादंबरीवरचा स्वतःचा गुन्हेगारपट डोक्यात होता. तो, ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’, १९८४ला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात २२९ मिनिटांचा दाखवला गेला. गोष्ट म्हातारपण, तारुण्य, बालपण अशी मागेपुढे फिरते. अफूच्या अड्ड्यात पडलेल्या रॉबर्ट डी नीरोच्या कानात टेलिफोन वाजत राहतो, दृश्यं बदलतात, वर्षं बदलतात, फोन वाजतच असतो. अमेरिकेतल्या वितरकाने हे सगळं कापून १३९ मिनिटांवर आणलं आणि प्रसंग काळाच्या क्रमाने लावले. दीड तास गेला, आणि लिओनेचा दीड तास म्हणजे प्रामुख्याने वाट पाहणं. ते काढल्यावर उरते ती चार मित्रांची साधी मारामारीची गोष्ट. अमेरिकेत तो आपटला.

स्वतःच्या नावाचे सातच चित्रपट करून लिओने ३० एप्रिल १९८९ रोजी रोममध्ये गेला. तेव्हा लेनिनग्राडच्या वेढ्यावरच्या चित्रपटाची तयारी चालू होती. २०१२मध्ये बोलोन्याच्या फिल्म संग्रहालयाने त्याच्या मुलांच्या पुढाकाराने ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’तले गाळलेले काही प्रसंग शोधून काढले आणि कान महोत्सवात २५१ मिनिटांची प्रत दाखवली. या प्रसंगांची मूळ निगेटिव्ह मिळाली नव्हती. हाती आल्या त्या संकलनाच्या कामासाठी काढलेल्या, रंग उडालेल्या प्रिंट. म्हणून ही प्रत पाहताना मधेच चित्र फिकं पडतं, कडा मऊ होतात, दाणे वर येतात. तो प्रसंग संपला की रंग परत येतात आणि चेहरे पुन्हा लख्ख दिसू लागतात.